२४९ ग्रॅमच्या ड्रोननं विमानाचं काय बिघडतं?

उलव्याहून एका वडिलांनी विचारलं आहे. त्यांच्या बारावीतल्या मुलाला मामानं दुबईहून येताना २४९ ग्रॅम वजनाचा कॅमेरा ड्रोन आणला. मुलगा बावीस मजली इमारतीच्या गच्चीवरून तो उडवतो, सूर्यास्ताचे व्हिडिओ काढतो, आणि आता नवी मुंबईच्या नव्या विमानतळावर उतरणारी विमानं टिपायची त्याला हौस आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी हरकत घेतली तेव्हा तो म्हणाला, "अडीचशे ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला लायसन लागत नाही. आणि पक्षी विमानांना रोज धडकतात, त्यानं कुठे विमान पडतं?" वडिलांना हे धड पटतही नाही आणि खोडूनही काढता येत नाही. त्यांना खरं काय ते हवं आहे.

मी अठ्ठावीस वर्षं विमानांच्या देखभालीत काढली, त्यातली पहिली नऊ हेलिकॉप्टरांवर. गेली काही वर्षं ड्रोन उडवायला शिकवतो. राहायला ठाण्यात, शिकवायला नवी मुंबईत. म्हणजे ज्यावर ड्रोन आदळतो ते यंत्र मी आतून पाहिलेलं आहे, आणि जो आदळतो तोही माझ्या हातातला आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लायसनबद्दल मुलगा चुकीचं सांगत नाही. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' वर्गात मोडतो आणि तो उडवायला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. २ किलोपर्यंतच्या 'मायक्रो' ड्रोनलाही, धंद्यासाठी नसेल तर, लागत नाही. पण प्रमाणपत्र माफ आहे म्हणजे आकाश मोकळं आहे, असा अर्थ त्यानं काढला, आणि घोळ तिथे आहे. कुठे आणि किती उंच उडवायचं हे वजनावर ठरत नाही. त्याकडे मी नंतर येतो. आधी ही अडीचशे ग्रॅमची रेघ आली कुठून ते सांगतो, कारण माझ्या वर्गातल्या दहापैकी नऊ मुलांना वाटतं की एवढ्या वजनाचा ड्रोन विमानाला काही करू शकत नाही हे कुणीतरी तपासून ठरवलंय.

तसं कुणीही तपासलेलं नव्हतं. २०१५ साली अमेरिकेत ड्रोनची नोंदणी कुठल्या वजनापासून सक्तीची करावी हे ठरवायला एक गट बसवला होता. त्यांनी हिशेब मांडला तो जमिनीवरच्या माणसाचा. ड्रोन वर बंद पडला, सरळ खाली आला आणि कुणाच्या डोक्यात बसला, तर माणूस दगावेल का? डोक्याला सुमारे ८० ज्यूलचा (ज्यूल म्हणजे ऊर्जेचं माप) मार ही धोक्याची पातळी धरून त्यांनी उलटं गणित केलं आणि २५० ग्रॅम हा आकडा काढला. पुढे अनेक देशांनी तोच उचलला. या गणितात विमान कुठेच नाही. पाम बीच रोडवरून चालणाऱ्या माणसासाठी आखलेली रेघ तुमचा मुलगा विमानासाठी वापरतो आहे.

आता विमानासाठी तेच गणित करू. पडणाऱ्या ड्रोनला वेग गुरुत्वाकर्षण देतं, पण विमानाशी टक्कर होते तेव्हा वेग विमान आणतं. ड्रोन जागच्या जागी तरंगत असला तरी फरक पडत नाही. उतरणारं जेट साधारण १४० नॉटनं येतं, म्हणजे ताशी २६० किलोमीटर, सेकंदाला ७२ मीटर. २४९ ग्रॅमचा ड्रोन त्या वेगानं लागला तर सुमारे ६५० ज्यूल. ताशी १४५ किलोमीटरनं टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत असतात १३० ज्यूल. म्हणजे तेज गोलंदाजाचे पाच चेंडू, एकाच जागी, एकाच क्षणी. उड्डाणानंतर विमान वर चढत असताना वेग २५० नॉटपर्यंत जातो. ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, त्यामुळे तोच ड्रोन तिथे २००० ज्यूलच्या पुढे जातो. लग्नाच्या शूटिंगला वापरतात तो ९०० ग्रॅमचा ड्रोन असेल तर साडेसात हजारांच्या आसपास.

"पण पक्ष्यातही एवढीच ऊर्जा असते की," असं मुलगा म्हणेल. बरोबर. फ्लेमिंगो तर दोन-तीन किलोचा असतो. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरला पंतनगरच्या बाजूला दुबईहून येणाऱ्या विमानाला फ्लेमिंगोंचा थवा धडकला, चाळीसच्या आसपास पक्षी मेले, आणि विमान सुखरूप उतरलं. सुखरूप उतरलं तरी त्याला मार लागला होता, परतीचं उड्डाण रद्द करावं लागलं. पण उतरलं, हे महत्त्वाचं. त्याला कारण आहे. प्रवासी विमानाची पुढची काच १.८ किलोच्या पक्ष्याचा मार सोसते, शेपटीचा भाग ३.६ किलोच्या पक्ष्याचा, हे सिद्ध केल्याशिवाय त्या विमानाला उडायची परवानगीच मिळत नाही. इंजिनांवरही तोफेतून पक्षी झाडून चाचण्या होतात. ड्रोनसाठी अशी सक्तीची चाचणी नाही.

आणि ड्रोन हा पक्ष्यासारखा नसतो, हे मी हातांनी शिकलोय. पक्षी धडकलेलं विमान रात्री आमच्याकडे यायचं. इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या फॅनवर पिसं, रक्त, आणि केबिनमध्ये शिरलेला तो जळका वास, जो एकदा घेतला की विसरत नाही. आम्ही एकेक ब्लेड हातानं चाचपायचो, मग बोरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, आत घालून कॉम्प्रेसर, म्हणजे इंजिनाचा हवा दाबणारा भाग, पाहायचो. छोटा पक्षी असेल तर बहुतेक वेळा पहाटेपर्यंत सगळं पुसून, तपासून विमान परत सेवेत जायचं. कारण एवढ्या वेगात पक्षी पाण्यासारखा वागतो. त्याचं शरीर आहेही बहुतांशी पाणीच. आदळलं की पसरतं आणि मार मोठ्या जागेवर वाटला जातो. पण त्याच ब्लेडला एखादा करंगळीच्या पेराएवढा बोल्ट किंवा खडा लागला असेल, तर कडेला खाच पडलेली दिसायची. त्या खाचेपासून तडा सुरू होतो. ती घासून गोल करायची किंवा ब्लेडच बदलायचं, दुसरा उपाय नाही. विमानतळावर माणसं रांगेनं चालत जमिनीवरचे खडे, नट, तारांचे तुकडे वेचताना दिसतात ना, ते यासाठीच. २५ जुलै २००० ला पॅरिसजवळ कॉन्कॉर्ड हे प्रवासी विमान कोसळलं, ११३ माणसं गेली. त्या साखळीची सुरुवात धावपट्टीवर पडलेल्या सुमारे ४३ सेंटीमीटरच्या धातूच्या पट्टीनं टायर फाडला तिथून झाली. तिथे ड्रोन नव्हता, पण आमच्या व्यवसायात लहान आणि कडक वस्तूला का भितात ते यावरून कळावं.

ड्रोन उघडून पाहा. चार मोटरी, त्यात तांब्याची वेटोळी, चुंबक आणि पोलादी दांडा. मधोमध बॅटरीचा ठोकळा. पुढे कॅमेरा. प्लॅस्टिकचं कवच फुटून उडून जाईल, पण हे तुकडे सहजी फुटत नाहीत, घुसतात. २०१७ साली अमेरिकी विद्यापीठांच्या एका गटानं तिथल्या विमान नियामकासाठी संगणकावर आणि प्रयोगशाळेत हेच तपासलं. निष्कर्ष असा होता की तेवढ्याच वजनाच्या, तेवढ्याच वेगाच्या पक्ष्यापेक्षा ड्रोन जास्त नुकसान करतो, आणि ते करतात मोटर, बॅटरी व कॅमेरा हे कडक भाग. त्यातली एक गोष्ट मला अनपेक्षित होती. जोराच्या धडकेत बॅटरीचा भुगा होतो, पण कमी वेगाच्या धडकेत ती अर्धवट चेचलेली आत अडकून राहू शकते, आणि मग आगीचा धोका तिथे जास्त. लिथियमची बॅटरी फुगल्यावर काय होतं हे फोनवाल्यांच्या दुकानात सगळ्यांनी पाहिलंय. तीच बॅटरी पंखात, इंधनाच्या शेजारी आहे असं समजा.

आता हा सगळा हिशेब कागदावरचा वाटत असेल तर जानेवारी २०२५ ची लॉस एंजेलिसची घटना बघा. तिथे वणवा पेटला होता. समुद्रातून पाणी उचलून आगीवर टाकणारी मोठी विमानं खाली घिरट्या घालत होती आणि त्या भागात ड्रोनला मनाई होती. एकानं पार्किंगच्या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावरून, आग कशी दिसते ते बघायला, ड्रोन सोडला. अडीच किलोमीटरहून लांब नेला. तो नजरेआड झाला. पाणी टाकणाऱ्या विमानाच्या डाव्या पंखात तो घुसला आणि पंखाच्या पुढच्या कडेला सुमारे ३ इंच बाय ६ इंचाचं भोक पडलं. वैमानिकांना उतरेपर्यंत नीट कळलंही नव्हतं. विमान उतरलं, माणसं वाचली, पण आग भडकलेली असताना ते विमान काही दिवस दुरुस्तीसाठी जमिनीवर बसून राहिलं. हा ड्रोन कोणता होता? तुमच्या मुलाकडे आहे त्याच वर्गातला, हातात मावणारा, बाजारात २४९ ग्रॅमचा म्हणून विकला जाणारा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हौशी ड्रोनच्या धडकेनं प्रवासी जेट कोसळल्याची आजवर नोंद नाही. वैमानिकांना 'ड्रोन दिसला' असं वाटतं त्यातल्या कित्येक वेळा तो फुगा, पक्षी किंवा प्लॅस्टिकची पिशवी असते. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनचं गॅटविक विमानतळ ड्रोन दिसल्याच्या बातमीनं दीड दिवसाच्या आसपास बंद राहिलं, हजारभर उड्डाणं बिघडली, लाखाहून जास्त प्रवासी अडकले, आणि शेवटी ना ड्रोन सापडला ना उडवणारा. त्यामुळे 'एक ड्रोन आणि तीनशे माणसं संपली' असं मी मुलांना सांगत नाही. मोठ्या जेटला दोन इंजिनं आहेत, एक गेलं तरी ते उतरतं. मुलं हुशार असतात, अतिशयोक्ती केली की बाकीचं ऐकायचंही सोडून देतात.

माझी झोप उडते ती हेलिकॉप्टरच्या विचारानं. त्याच्या बाबतीत वरचा दिलासा लागू होत नाही. लहान हेलिकॉप्टरच्या काचेला पक्ष्याची ती १.८ किलोची परीक्षा द्यावी लागत नाही. २०१७ च्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसलं की अशी काच ड्रोन फोडू शकतो, तेही नेहमीच्या प्रवासाच्या वेगापेक्षा बऱ्याच कमी वेगात. काचेमागे दोन हातांवर वैमानिकाचा चेहरा असतो. त्याहून नाजूक भाग म्हणजे शेपटीचा रोटर. मी त्याची ब्लेडं बदललेली आहेत. एका माणसाला सहज उचलता येतात, पण ती फिरायची थांबली तर हेलिकॉप्टर स्वतःभोवती गरगरायला लागतं, आणि कमी उंचीवर ते सावरायला वेळच नसतो.

आणि कमी उंचीवर कोण उडतं? हेलिकॉप्टरच. "मी चारशे फुटांखाली असतो, विमानं हजारो फुटांवर" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. आपल्या भागाचं आकाश डोळ्यासमोर आणा. जुहूहून तेल विहिरींकडे जाणारी हेलिकॉप्टरं आहेत, नौदलाची आणि तटरक्षक दलाची आहेत, रुग्ण नेणारी आहेत. निवडणूक आली की एखाद्या शाळेच्या मैदानावर चुन्यानं गोल आखून हेलिपॅड तयार होतो, आणि दुसऱ्या दिवशी तिथे कुणीतरी उतरतं, ज्याची तुमच्या मुलाला कल्पनाही नसते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आपल्याच ठाणे जिल्ह्यात जू-नांदखुरी गावातून हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनं ५८ माणसांना उचलून आणलं. पूर म्हटला की पाण्याचे व्हिडिओ काढायला ड्रोन हमखास वर जातात. माणसं दोरीला लटकलेली असताना वैमानिकाला ड्रोन दिसला, तर त्यानं काय करायचं? थांबायचं, की माणसं उचलायची? हा प्रश्न त्याच्यापुढे टाकायचा आपल्याला काहीही अधिकार नाही.

२१ सप्टेंबर २०१७ ला न्यूयॉर्कजवळ लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरला एक हौशी ड्रोन धडकला. हेलिकॉप्टर तेव्हा जेमतेम ३०० फुटांवर होतं. मुख्य रोटरच्या एका पात्याला दीड इंचाचा पोचा पडला. हेलिकॉप्टरात ड्रोनची एक मोटर अडकलेली मिळाली, तिच्या क्रमांकावरून तपास करणारे मालकापर्यंत पोहोचले. तो माणूस अडीच मैलांवर होता, ड्रोन त्याला दिसत नव्हता, आणि चौकशीची माणसं येईपर्यंत आपला ड्रोन कशाला धडकलाय हे त्याला ठाऊकच नव्हतं. ड्रोन परत आला नाही, बॅटरी संपून पाण्यात पडला असेल, असं समजून तो घरी गेला होता. वाईट हेतू कुठेच नाही. आपला मुलगाही असाच घरी येईल, ड्रोन हरवल्याचं दुःख करत.

मुलगा म्हणेल, "मी लक्ष ठेवीन, विमान आलं की खाली घेईन." आणि तसंच वैमानिकही ड्रोन पाहून वळेल, असं त्याला वाटत असेल. दोन्ही बाजूंनी ते का जमत नाही ते सांगतो.

समोर काहीतरी आहे हे दिसणं, ते काय आहे हे कळणं, धडकणार आहे हे लक्षात येणं, वळायचं ठरवणं, आणि विमान प्रत्यक्ष वळणं, या सगळ्याला मिळून १२.५ सेकंद धरतात. तेवढ्या वेळात उतरणारं विमान ९०० मीटर पुढे येतं. म्हणजे ड्रोन ९०० मीटरवरून दिसायला हवा. पाव मीटरचा ड्रोन ९०० मीटरवर किती दिसतो? साडेतीन मीटर अंतरावरच्या भिंतीवर एक मिलिमीटरचा ठिपका. मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा. तोही राखाडी, मागे इमारती, खाली खाजण, आणि वैमानिक त्या क्षणी चाकं, फ्लॅप, वेग, धावपट्टी यांत गुंतलेला. त्यातून आणखी एक वाईट गोष्ट. जी वस्तू सरळ धडकेच्या मार्गावर असते ती काचेवर सरकत नाही. एकाच जागी राहते आणि फक्त मोठी होत जाते, तीही अगदी शेवटच्या दोन-तीन सेकंदांत. आपला डोळा हललेलं टिपतो, न हललेलं सोडून देतो.

यंत्रंही मदतीला येत नाहीत. दोन विमानं जवळ आली की इशारा देणारी यंत्रणा दुसऱ्या विमानाच्या ट्रान्सपॉन्डरच्या (विचारणा आली की रेडिओवरून आपोआप उत्तर देणाऱ्या यंत्राच्या) उत्तरावर चालते, आणि या ड्रोनला ट्रान्सपॉन्डर नसतो. विमानतळाचं रडार पक्ष्यांची गर्दी पडद्यावर नको म्हणून लहान आणि संथ वस्तू गाळून टाकतं. ड्रोन त्याच चाळणीतून गळतो.

खालून पाहणाऱ्याचंही तेच. कॅमेऱ्याची लेन्स रुंद, त्यात जवळचं विमानही लांब वाटतं. आवाजावर विसंबावं तर दोन किलोमीटरवरच्या विमानाचा आवाज सहा सेकंदांनी पोहोचतो, तोवर ते ४०० मीटर पुढे गेलेलं असतं. पारसिकच्या किंवा खारघरच्या डोंगरापलीकडून येणारं हेलिकॉप्टर डोंगरमाथा ओलांडेपर्यंत ऐकूच येत नाही. आणि हे फक्त नवशिक्यांचं होतं असंही समजू नका. ऑगस्ट २०२१ मध्ये कॅनडात ओंटारियोमधल्या एका विमानतळावर उतरणाऱ्या प्रशिक्षण विमानाला चक्क पोलिसांचा ड्रोन धडकला. चालवणारे प्रशिक्षित, ड्रोन एकाच जागी तरंगत ठेवलेला, तरी विमान येताना त्यांना दिसलं नाही. विमानातल्या दोघांना वाटलं पक्षी लागला.

आता तुमच्या गच्चीकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नातली मला सर्वांत जास्त खुपलेली गोष्ट ती आहे. रिमोटच्या पडद्यावर जी उंची दिसते ती ड्रोन जिथून उडाला तिथपासूनची असते. बावीस मजले म्हणजे साधारण ७० मीटर. मुलगा पडद्यावर १२० मीटर पाहून 'नियमात आहे' म्हणतो, तेव्हा ड्रोन जमिनीपासून १९० मीटरवर असतो. विमान उतरतं ते तीन अंशांच्या उतारानं, किलोमीटरमागे सुमारे ५२ मीटर खाली. चाकं टेकायच्या जागेपासून साडेतीन किलोमीटर अलीकडे ते सुमारे १८३ मीटरवर असतं. हे दोन आकडे शेजारी लिहून मुलाला दाखवा. उलवे धावपट्टीच्या पश्चिमेच्या अंगाला आहे, पश्चिमेकडून उतरणारी विमानं त्याच बाजूनं येतात. डोंगरावरून उडवणाऱ्यांचीही हीच चूक होते, पायाखालचा डोंगर कुणी मोजत नाही.

आणि ड्रोन नेहमी सांगितलेलं ऐकतो असं नाही. मी स्वतः अनुभव घेतलाय. काही वर्षांपूर्वी नेरुळला एका नातेवाइकांच्या गच्चीवरून ड्रोन उडवला होता. स्लॅबमधलं लोखंड, बाजूला मोबाइलचा टॉवर, आणि होकायंत्र बिघडलं. ड्रोन एका बाजूला वाहायला लागला, संपर्क तुटला, आणि त्यानं स्वतःहून 'रिटर्न टू होम', म्हणजे उडाला तिथे आपोआप परत येणं, सुरू केलं. आजूबाजूच्या टॉवरांना अडकू नये म्हणून मी परतीची उंची शंभर मीटर ठेवली होती. तो परत यायच्या आधी शंभर मीटर वर चढला, गच्चीच्याही वर. मी रिमोट दाबत होतो आणि तो चढत होता. त्याच वेळी खाडीच्या बाजूनं हेलिकॉप्टरचा आवाज आला. हेलिकॉप्टर लांबून गेलं, ड्रोन उतरला, झालं काहीच नाही. पण ते पाऊण मिनिट मी गच्चीवर उभा होतो आणि माझ्या हातात काहीही नव्हतं. ज्या माणसानं नऊ वर्षं हेलिकॉप्टरची ब्लेडं तपासली त्याच्यावर ही वेळ आली. त्या दिवसापासून मी गच्चीवरून ड्रोन उडवलेला नाही आणि शिकणाऱ्यांनाही उडवू देत नाही.

"ड्रोनच विमानतळाजवळ उडायला नकार देतो" यावरही विसंबू नका. ही आतली कुंपणं कंपनीच्या नकाशावर चालतात, नकाशा जुना असला तर नवा विमानतळ त्यात नसतो. आपला विमानतळ तर अगदी नवा, २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं उडायला लागली. त्याआधी कित्येक वर्षं बांधकामाचे, कापलेल्या उलवे टेकडीचे, वळवलेल्या नदीचे व्हिडिओ लोकांनी ड्रोननं काढले. ती सवय मोडायला वेळ लागेल, पण तिथे आता विमानं आहेत. स्वतः जोडलेल्या शर्यतीच्या ड्रोनमध्ये तर असं कुंपण नसतंच.

नियम थोडक्यात. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन जमिनीवरून उचलायचाच नाही, वजन कितीही असो. ८ ते १२ किलोमीटरमध्ये ६० मीटरपर्यंत. त्यापलीकडे, 'डिजिटल स्काय' या सरकारी नकाशावर हिरवं असेल तिथे, १२० मीटरपर्यंत. विमानाला वाट देणं हे नेहमी ड्रोनवाल्याचं काम. उलवे, करंजाडे, पनवेल, कामोठे, बेलापूर पहिल्या ८ किलोमीटरांत येतात, खारघर आणि नेरुळचाही बराचसा भाग. मुंबई आणि नवी मुंबई विमानतळांची १२ किलोमीटरची वर्तुळं मानखुर्द-वाशीच्या मध्ये खाडीवर एकमेकांना भिडतात. त्यात पलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र, शिवाय पोलिस आयुक्तालयांचे वेळोवेळीचे मनाई आदेश. दंड १ लाखापर्यंत होऊ शकतो. आणि मामांना हेही सांगा की परदेशी बनावटीचे तयार ड्रोन देशात आणायला ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. कस्टमच्या नजरेतून सुटला म्हणून तो नियमात बसत नाही.

खाडीच्या पाणथळ जागांबद्दलही दोन शब्द, कारण फ्लेमिंगोंचे व्हिडिओ हा इथल्या ड्रोनवाल्यांचा मोठा मोह आहे. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य असो की नेरुळ-सीवूड्सकडची तळी, वरून ड्रोन आला की पक्ष्यांना तो शिकारी वाटतो आणि अख्खा थवा एकदम उठतो. दोन-दोन किलोचे शेकडो पक्षी, विमानांच्या वाटेत, तुमच्या ड्रोनमुळे. ड्रोन कशालाही न लागता अपघात घडवू शकतो तो असा. पक्ष्यांचे हाल होतात ते वेगळेच.

मुलाचा ड्रोन काढून घ्या असं मी म्हणणार नाही. ज्याला आकाशाचं वेड लागलंय त्याला योग्य आकाश द्या. महिन्यातून एका रविवारी त्याला घेऊन मुरबाड किंवा शहापूरकडे निघा. आदल्या रात्री आणि निघताना, दोनदा, डिजिटल स्कायचा सरकारी नकाशा त्यालाच उघडून पाहायला सांगा, जंगलाची आणि अभयारण्याची हद्द टाळा, शेतमालकाला विचारा. उड्डाण जमिनीवरून, मोकळ्या माळावरून. उंचीची मर्यादा सेटिंगमध्येच ६० मीटरवर बांधून टाका, आणि परतीची उंची आसपासच्या सर्वांत उंच झाडापेक्षा दहा मीटर जास्त, बस. तुम्ही स्वतः त्याच्या शेजारी उभे राहा आणि पडद्याकडे अजिबात पाहू नका. त्यानं पडदा बघायचा, तुम्ही आकाश. ड्रोन ठिपका होऊन गेला की "जवळ आण" म्हणायचं, मग शॉट कितीही छान असो.

हेलिकॉप्टरचा आवाज आला तर ते कुठे आहे हे शोधत बसायचं नाही. 'रिटर्न टू होम'चं बटणही दाबायचं नाही, कारण ड्रोन आधी वर चढेल. रिमोटची डावी काडी पूर्ण मागे ओढायची आणि जिथे आहे तिथेच सरळ खाली घ्यायचा, शेतात, झुडपात, चिखलात, कुठेही. पहिल्या रविवारी ड्रोन दहा मीटरवर असताना हा सराव करून घ्या. तुम्ही "खाली!" म्हणालात की त्याचा अंगठा विचार न करता मागे जायला हवा. माझ्याकडे येणाऱ्या मुलांकडून मी पहिल्या दिवशी हे वीस वेळा करून घेतो आणि मगच कॅमेरा चालू करू देतो.